बोधचिन्ह कापू नये

"केकवर विद्यापीठाचं बोधचिन्ह छापायचं, एवढंच ना? माझ्यावर सोडा!"

वनस्पतिशास्त्राच्या मॅडम असं म्हणाल्या आणि त्यांच्या विभागातल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मॅडमनी 'माझ्यावर सोडा' म्हटलं की काम व्हायचंच. फक्त वाटेत कोणाची दाणादाण उडेल याचा नेम नसे.

प्रश्न खोलीचा होता. मॅडमचा विभाग तळघरात. आता वनस्पतिशास्त्राला तळघरात कोंबणाऱ्या माणसाला काय म्हणावं? रोपं बिचारी ट्यूबलाइटकडे माना वळवून पिवळी पडत चालली होती. वरच्या मजल्यावरची भरपूर उन्हाची खोली नुकतीच रिकामी झाली होती, पण तिच्यावर संख्याशास्त्राच्या सरांचाही डोळा होता. कुलगुरू विभागाच्या वर्धापनदिनाला आले, तर तिथल्या तिथे त्यांची सही घेता आली असती. पण कुलगुरू कुठल्या समारंभाला जातील तर शपथ! मग मॅडमना बातमी लागली, की बायकोने कुलगुरूंचं गोड पार बंद केलंय. मॅडमनी निमंत्रणात 'केक' हा शब्द ठळक छापला. तासाभरात होकार आला.

आता खुद्द कुलगुरू येणार म्हटल्यावर केकवर बोधचिन्ह हवंच. मॅडमनी संकेतस्थळावरून ते उचललं आणि बेकरीवाल्याला पाठवलं. त्याचा लगेच फोन.

"मॅडम, मोठं केलं की चित्र फार फाटतंय. ही वरची किटली कसली आहे?"

"किटली काय किटली! ज्ञानाचा दिवा आहे तो."

"आणि खाली सँडविच?"

"पुस्तक आहे हो ते! थांबा, चांगलं चित्र आणून देते. माझ्यावर सोडा."

चांगलं चित्र मिळण्याचं ठिकाण एकच, बोधचिन्ह कक्ष. तिथले अधिकारी खिशात सतत फूटपट्टी बाळगत, म्हणून सगळं विद्यापीठ त्यांना मागून फूटपट्टीच म्हणे. माणूस सज्जन, पण बोधचिन्हाच्या बाबतीत सख्ख्या भावाचीही गय करायचा नाही.

"केकवर?" फूटपट्टी विचारात पडले. "केक सपाट असतो का?"

"अगदी टेबलासारखा."

"मग हरकत नाही. पण निळा रंग आपलाच हवा. चारही बाजूंना दिव्याच्या उंचीएवढी मोकळी जागा हवी, आणि ती जागासुद्धा बोधचिन्हातच धरायची. ताणायचं नाही, तिरकं करायचं नाही, कापायचं नाही. सदोष बोधचिन्ह दिसलं, तर जागच्या जागी, मागमूस न ठेवता नष्ट करायचं. क्रीडा विभागाचे सगळे कॉफीचे मग मी गेल्या महिन्यात याच हातांनी फोडले. दिवा कलला होता."

"आमचा नाही कलणार," मॅडम म्हणाल्या. खूश होऊन त्यांनी बेकरीवाल्याला बजावलं, की बोधचिन्ह मोठ्ठं काढ आणि बाजूची जागा मोजून सोड. केक कॅरमबोर्डाएवढा झाला.

समारंभाला कुलगुरू सगळ्यांच्या आधी हजर! भाषणांच्या वेळी त्यांची नजर केकवरून हलली नाही. तपासायला आलेल्या फूटपट्टींनी केकची मापं घेतली, रंग पाहिला आणि प्रसन्न होऊन म्हणाले, "इतकं निर्दोष बोधचिन्ह मी उभ्या नोकरीत पाहिलं नाही." मॅडमची छाती अभिमानाने फुलली. कुलगुरूंनी सुरी उचलली.

"थांबा!" फूटपट्टी ओरडले. "सर, कुठून कापताय?"

"मधून."

"मध्ये दिवा आहे!"

"बरं, मग कडेने."

"ती मोकळी जागा आहे. तीसुद्धा बोधचिन्हातच धरतात. सर, नियमांवर तुमचीच सही आहे."

कुलगुरूंचा चेहरा पडला. त्यांना सही आठवली, पण आता काय उपयोग! पाहुण्यांत बसलेले संख्याशास्त्राचे सर याच क्षणाची वाट पाहत असावेत. "नियम म्हणजे नियम," ते गोड आवाजात म्हणाले. "सर, आमच्या विभागात चला. चहा घेऊ, बिस्किटं आहेत, त्या खोलीचंही बोलून टाकू."

कुलगुरूंनी सुरी खाली ठेवली. बिस्किटं तर बिस्किटं! ते दाराकडे वळले आणि मॅडमच्या डोळ्यांसमोर ती पिवळी रोपं उभी राहिली.

"थांबा सर. माझ्यावर सोडा," असं म्हणत त्यांनी दिव्यावर बोट टेकवलं आणि ज्योत सर्रकन केकच्या कडेपर्यंत ओढली.

फूटपट्टी पांढरेफटक पडले. "मॅडम! तुम्ही... तुम्ही दिवा ताणलात!"

"ताणला ना? म्हणजे बोधचिन्ह सदोष झालं. आता नियम काय सांगतो?"

"जागच्या जागी, मागमूस न ठेवता..."

"कशाने नष्ट करायचं, ते लिहिलंय कुठे?"

"नाही."

"मग तोंडाने करू या!"

कुलगुरू दारातून जे परतले, ते सुरी शोधत बसलेच नाहीत. मग काय विचारता! फूटपट्टी टेबलाभोवती फिरून जातीने देखरेख करत होते. "सर, पुस्तकाचा कोपरा राहिलाय." "करतो, करतो नष्ट!" संख्याशास्त्राचे सर नको नको म्हणत होते, पण त्यांच्याही हातात बशी आली. "नको कसं? मागमूस राहील!" शेवटी फूटपट्टींनी केकखालच्या बोर्डावरचं क्रीम पट्टीने खरवडलं, इकडेतिकडे पाहिलं आणि पट्टी चाटून साफ केली.

दुसरी बशी संपता संपता कुलगुरूंनी खोलीच्या आदेशावर सही ठोकली. मॅडमनी कागद झटकन पर्समध्ये टाकला, कारण वर छापलेल्या बोधचिन्हावर कुलगुरूंचा क्रीमने माखलेला अंगठा उठला होता आणि फूटपट्टी जवळच उभे होते.

तेवढ्यात कुलगुरूंच्या बायकोचा व्हिडिओ कॉल आला.

"केक खाल्लात ना?"

"छे गं! खातोय कुठला? नष्ट केला. सरकारी काम होतं."

"असं? मग मिशीला निळं काय लागलंय?"

कुलगुरूंचा हात मिशीकडे गेला, पण मागून फूटपट्टी धावले. त्यांनी कुलगुरूंच्या ओठावर पट्टी टेकवली आणि आख्ख्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सर, हलू नका! ज्योत राहिलीय!"