अण्णांची हजेरी

आमच्या गल्लीतले अण्णा चव्हाण इंग्लंडात कुठल्याही चर्चच्या दारात पायताण काढतात आणि बर्फासारख्या फरशीवरून नुसत्या मोज्यांनी आत जातात. त्याआधी चर्चला बाहेरून एक प्रदक्षिणा. आवारातल्या थडग्यांमध्ये मेंढ्या चरत असतात. त्यांनी बाजूला व्हायचं, अण्णा होत नाहीत.

"देव कुनाचा का असंना मास्तर, चिखल आपलाच असतोय," असं ते मला सांगतात.

त्यांचा मुलगा आणि माझी मुलगी तिकडे एकाच गावात राहतात, म्हणून एका उन्हाळ्यात आम्ही दोघे बरोबर गेलो. मुलगा रोज राजवाड्यांची यादी काढायचा आणि अण्णा रोज बसने एखाद्या खेड्यात उतरायचे. चार घरं, एक गुत्ता आणि एक बुटकं दगडी चर्च. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. भिंत दिसली की ठोकून बघणारच.

कडी फिरवली की दार उघडायचं. आत कुणी नसायचं.

"कुलूप न्हाय बघा. आनि आमच्या मारुतीला दोन-दोन."

त्या दोन्ही कुलपांच्या किल्ल्या तीस वर्षं अण्णांच्याच करदोट्याला होत्या. तक्रार ते स्वतःविरुद्धच करत होते, पण हे त्यांना सांगण्याइतका मी शूर नव्हतो.

एकदा आत फुलं लावणारी म्हातारी भेटली. "काय वैनी, आज देव एकटाच?" अण्णांनी विचारलं. ती 'लव्हली' म्हणाली. मग दहा मिनिटं दोघं आपापल्या भाषेत छपराच्या गळक्या पन्हाळीवर बोलत होती. शेवटी म्हातारी शिडी आणायला निघाली.

दारापाशी पाहुण्यांसाठी वही असायची. नाव, गाव, अभिप्राय. तिकडच्या लोकांनी ती बहुधा कौतुकासाठी ठेवली असावी. त्या दिवशी अण्णांनी लिहिलं, 'दगडकाम चोख. पन्हाळ तुंबलीया.' मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. खाली आणखी एक नाव होतं: सौ. शालन चव्हाण, कोल्हापूर.

शालनवहिनींना जाऊन सहा वर्षं झाली होती.

"तिचा पासपोर्ट आला तो दहाव्याच्या दिवशी," अण्णा म्हणाले. "निदान हजेरी तरी लागू दे की."

कोल्हापुरात परतल्यावर मी कट्ट्यावर सगळं सांगितलं. मोजे, मेंढ्या, म्हातारी. "अण्णा चर्चमध्ये हजेरी लावतात. बाटले बहुतेक," हेही जोडलं. वहिनींचं नाव तेवढं गाळलं, कारण त्यावर कुणी हसलं नसतं. एवढा हशा मला आयुष्यभर वर्गात मिळाला नव्हता.

महिन्याभरात हशा ओसरला आणि कुजबुज उरली. मारुतीच्या देवळाच्या मंडळाचे चौघं अण्णांकडे आले. "अण्णा, वय झालं आता तुमचं. देवळाच्या किल्ल्या आमच्याकडं द्या."

अण्णांनी करदोट्याची गाठ सोडली. "व्हय, झालंच की वय."

मी शेजारीच उभा होतो. अण्णांपेक्षा दोन वर्षांनी मोठा. माझं वय कुणी काढलं नाही आणि मी तोंड उघडलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णा म्हणाले, "चला की मास्तर, जोडीनं जाऊ." त्यांच्या शेजारी विमानात दहा तास बसायची माझ्यात ताकद नव्हती. गुडघा दुखतो, असं मी सांगितलं.

यंदा मी मुलीकडे एकटाच गेलो. बसने फुलंवाल्या म्हातारीच्या त्याच खेड्यात उतरलो आणि बूट काढून चर्चमध्ये गेलो. वही चाळताना गेल्या उन्हाळ्याच्या पानावर अण्णांचं अक्षर सापडलं. 'पन्हाळ आता बरी हाय.' त्याखाली सौ. शालन चव्हाण. त्याखाली तिसरं नाव: दिनकर मास्तर, कोल्हापूर. अभिप्रायाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'गुडघा दुखतोय, म्हनून आले न्हाईत.'

तर मंडळी, अण्णा बाटलेले नाहीत, आणि माझा गुडघा कधीच दुखत नव्हता. मारुतीच्या किल्ल्या ज्याच्याकडे असतील त्यानं त्या परत द्याव्यात. हे सगळं मी कट्ट्यावर उभं राहून मोठ्यानं वाचणार आहे. या वेळी कुणी हसलं नाही तरी चालेल.