फीसाठी पाळण्यात

पोरीला पायलट करायचं म्हणजे काय अवघड आहे हो? फी भरली की झालं! असं मी सोलापुरात भवानी पेठेतल्या माझ्या टॉवेलच्या दुकानात गिऱ्हाइकांना छाती काढून सांगत होतो. त्याच वेळी शिडीवर चढून वरच्या फळीवरचे टॉवेल माझी बायको राजेश्वरी काढत होती. मला शिडी चालत नाही, चक्कर येते. पण तो विषय निराळा!

विषय आमच्या पोरीचा, संस्कृतीचा. विमान शिकवणाऱ्या शाळेत तिला प्रवेश मिळाला होता. बरंचसं कर्ज बँक देणार होती, पण आपला वाटा महिनाअखेरीला भरला नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार. मी तिला म्हटलं, "काळजी कशाला करालीस? आपली भिशी आहे की!"

आमच्या गल्लीच्या भिशीत दर महिन्याला चिठ्ठी निघते. नाव येईल त्याला सगळी रक्कम. या वेळी चिठ्ठी न काढताच ती रक्कम मला द्या, हे सांगायला आम्ही तिघं भिशी चालवणाऱ्या दाक्षायणीअक्कांच्या घरी गेलो. भिशीची सगळी मंडळी तिथं जमलीच होती. वाटलं होतं, पैशावरनं भांडण होईल. पण तिथं पैशाचं कुणाला पडलंच नव्हतं!

"विमानाला रिव्हर्स असतो का गं?" रिक्षावाल्या जालिंदरनं विचारलं.

"हॉर्न असतो का?" अक्कांनी विचारलं.

"आणि वर बंद पडलं तर धक्का कोण मारणार?" पुन्हा जालिंदर.

"इंजिन बंद पडलं तरी विमान धपकन पडत नाही काका," संस्कृती हसत म्हणाली. "तरंगत तरंगत खाली आणता येतं."

"अय्यो! खरंच?" सगळे पुढं सरकले. चहा गार झाला.

शेवटी अक्का म्हणाल्या, "हे समदं खरं गं. पण वर गेल्यावर भ्यालीस आणि अर्ध्यातनं परत आलीस तर?"

इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं.

"भ्याली? आमच्या रक्तातच भीती नाही अक्का! तिच्या पहिल्या विमानात मीच बसणार!"

राजेश्वरीला ठसका लागला. अक्कांनी मला तिथंच पकडलं. "मग चला गड्ड्यावर! मोठ्या आकाशपाळण्यात बाप-लेक दोघं बसून दाखवा. पैशाचं तितंच ठरवू."

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा भरलेलीच होती. अख्खी भिशी आमच्या मागनं निघाली. मी संस्कृतीशेजारी पाळण्यात बसलो, खाली बघून हातसुद्धा हलवला. पाळणा वर गेला, अन् तोच हात दांडीला चिकटला!

"थांबव! अरे थांबव की!" मी बोंबललो.

पाळणेवाला बिचारा आज्ञाधारक. थांबवला. आम्ही बरोबर टोकावर!

"आता खाली घे!"

त्यानं जरा हलवला. "हलवू नको बे! हलवलंस तर बघ!"

पुन्हा थांबला. खाली घ्यायचं तर हलवायला पाहिजे, आणि हलवलं की मी ओरडतोय! खाली ही गर्दी जमली. भेळवाला गाडा सोडून बघायला आला. आणि मला एकच दिसत होतं, माझ्या बोंबलण्यापायी पोरीची जागा चालली. रडू आलं हो मला. खरंच आलं.

संस्कृतीनं माझा हात धरला. "अप्पा, आता तुम्ही माझे प्रवासी. डोळे मिटा. मी सांगेन तेव्हाच उघडा." मग खाली वाकून तिनं पाळणेवाल्याला न घाबरता, मोठ्यानं सांगितलं, "दादा, अगदी हळू घ्या. ते ओरडले तरी थांबू नका. मी हात केला तरच थांबा."

मी ओरडलो. पाळणा थांबला नाही. मध्येच ती म्हणाली, "आता उघडा." मी एक डोळा उघडला. सिद्धेश्वराचं तळं, त्यात दिव्यांची रांग... आपलं सोलापूर वरनं एवढं देखणं दिसतं, हे मला पन्नाशीत कळलं!

खाली उतरल्यावर मला धरायला जालिंदर लागला. अक्कांनी संस्कृतीच्या पाठीवरनं हात फिरवला. "चिठ्ठी-बिठ्ठी काय नको. भिशी पोरीची. फक्त एक अट."

"काय?" मी विचारलं.

"ह्याला विमानात घ्यायचं न्हाय. बाकीच्या प्रवाशांचा तरी विचार कर!"

परवा संस्कृतीचा निरोप आला, "अप्पा, आज पहिल्यांदा एकटीनं उडवलं." तेव्हा मी दुकानात शिडीवर होतो. व्हय, शिडीवर! दुसऱ्या पायरीवर. हात दोन्ही शिडीला, म्हणून फोन तेवढा राजेश्वरीनं धरला होता.