अनसूयाबाईंनी घाटात भूगोल सर केला त्याची हकिकत

श्रीवाग्देवीचे चरण स्मरोन, जे डोळां पाहिले आणि वडिलांमुखी ऐकिले, ते लिहितो. शके एकोणीसशे नऊ, प्रभवनाम संवत्सरी, घाटाखालील एका राज्यात सकाळचे महाविद्यालय नांदत होते. तेथील प्रजा निराळीच. कोणी रतीब घालून येई, कोणी लेकरू निजवून येई, आणि वर्गाचे दारी चपलांशेजारी दुधाच्या किटल्या उभ्या राहत. ती शोभा आता दृष्टीस पडत नाही. तेथे भूगोलाचे गुरू सखोपंत दातार, आणि शिष्यांत अनसूयाबाई घोलप, एसटीवर कंडक्टर. बाईंचे गुडघे घाटाच्या वळणांनी झिजले होते. पदवी हाती येती तर डेपोत बसून काम मिळते. आणि पदवीस भूगोलाची तोंडी परीक्षा तेवढी उरली होती. परंतु परीक्षेचे समयीच बाईंची गाडीवरची पाळी. मग दरबार भरला. श्रीमंत प्राचार्य बोलिले, "वेळेवर येणे जमत नाही, त्याने घरी बसावे." उपप्राचार्य मायाळू, ते बोलिले, "कष्टाची बाई आहे हो, पास लिहून मोकळे व्हा." पंतांनी टोपी सारखी केली आणि बोलिले, "दोन्ही नको. ती येत नाही, तर मी जातो."

मग स्वारी तिकीट काढून पुढल्या बाकावर विराजमान जाहली, आणि गाडी घाटास लागताच सवाल केला, "बाई, अलीकडे हिरवे आणि पलीकडे उजाड, ते का?"

"ढग डोंगराला अडतात, सर."

"अडून काय करतात?"

"काय करणार? थांबतात."

गाडी हसली. पलीकडच्या उजाड गावची ठकूबाई मांडीवर कोंबडी घेऊन बसली होती, ती बोलिली, "मास्तर, बरोबरच सांगितलं की तिनं. करा पास. तुमच्या घरचं काय जातंय?"

"माझं नाही जात, आजी. तिचं जातं," ऐसे बोलोन पंतांनी नापास केले. बाई रुसल्या, आणि सुटे पैसे हाती न देता बाकावर ठेविले, आणि पंतांनी ते मुकाट वेचिले. पुढे पंत रोज त्याच गाडीस येत, आणि चढावर इंजिन धापा टाकी तेव्हा म्हणत, "वाराही असाच चढतो, बाई. पण त्याचं काय होतं ते बघा." बाई तिकिटे फाडीत ऐकत, आणि हळूहळू रुसवा गेला आणि सवाल करू लागल्या. मग पुन्हा परीक्षा जाहली, आणि बाई दांडीस धरोन बोलिल्या, "वारा चढतो, वर गार होतो. गार झाला की ओल धरवत नाही, इकडंच सांडतो. पलीकडं उतरताना तापतो, मग त्याच्याकडं द्यायला काही उरत नाही."

"मग पलीकडे पाऊस कधीच नाही?"

"पडतो की. परतीचा."

पंत काही बोलणार, तो त्याही दिवशी गाडीत बसलेल्या ठकूबाईने विचारिले, "म्हणजे आमच्या गावावर देवाचा राग नाही?"

"नाही, आजी. डोंगर मधे आहे, एवढंच," बाई बोलिल्या.

म्हातारी खिडकीबाहेर पाहत राहिली, आणि गाडीत कोणी हसले नाही, आणि पंत हळूच बोलिले, "पास."

एकूण वर्तमान ऐसे. पंत पुढे निवर्तले, ते महाविद्यालयही मोडले. बाई डेपोत खुर्चीवर बसल्या, आणि कोणी खवचटपणे म्हणे, गाडीतल्या गाडीत पदवी मिळाली म्हणे, तर बाई मान ताठ करोन सांगत, "एकदा नापास झालेय मी तिथं."