स्टुलं उचलून नेणारी नलिनी

२०२३ साली मी एक्क्याऐंशी वर्षांचा होतो, आणि त्या साली भरदिवसा माझ्या घरातून स्टूल चोरीला गेलं. चोर शेजारचीच, नलिनी. आमच्या अग्रहाराच्या गल्लीतल्या नऊ घरांतली स्टुलं तिनं अशी उचललेली. डुगडुगतं स्टूल दिसलं की काखेत मारून चालू पडायची.

शिकलेली बाई, हाडांवर संशोधन करणारी. पण एका जागी ठरेल तर शपथ. कॉफी उभ्यानं, बोलणं उभ्यानं, तेही तुमचं मनगट चाचपत. "काका, हाडांची तपासणी करून घ्या. सुम्ने, नुसतं पडून राहायचं. दुखत नाही."

"बेडा! नको म्हणजे नको." चौथी नापास असलो तरी हाड रंगाऱ्याचं आहे माझं.

एकदा विचारलं, लॅबमध्ये करतेस काय? म्हणाली, "पेशींत काही आरएनए असतात, काका. त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही. पूर्वी वाटायचं, हे सुम्नेच आहेत, कामाचे नाहीत. पण हाड कधी बांधायचं, कधी थांबायचं, त्यात त्यांचा हात असतो. वय झालं की त्यातले काही बांधणाऱ्या पेशींना उगीच थांब थांब करतात."

"मग मेणच की ते! आम्ही कापडाला मेण लावायचो. मेण स्वतः रंग देत नाही, पण रंग कुठं चढायचा नाही ते तेच ठरवतं."

तिनं ते पेनानं तळहातावर लिहून घेतलं. मला जरा बरंच वाटलं. "औषध कधी?"

"अजून उंदरांतच चाललंय."

"म्हणजे उंदीर ठणठणीत!"

"आणि तुम्ही डुगडुगत्या स्टुलावर चढलेले. अल्लवा, हो की नाही?"

तर त्या स्टुलासाठी मी तणतणत तिच्या घरी गेलो. बापाचं स्टूल ते. ओल्या साड्या वाळत घालायला त्यानं स्वतः ठोकलेलं. खोलीभर स्टुलं. कोपऱ्यात एक, पाय मोडलेलं, पण पुसून स्वच्छ.

"हे कुणाचं उचललंस?"

"आमचंच. आई कोनाड्यात दिवा ठेवायला चढली होती. खुबा मोडला, त्यातून उठलीच नाही. मी लॅबमध्ये, उंदरांची हाडं तपासत. आईला एकदासुद्धा 'चल, तपासून घे' म्हटलं नव्हतं, काका."

आणि ती माझ्या बापाच्या स्टुलावर बसली. तिला बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. स्टूल डुगडुगलं. मी वाकून ते धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेखाली लपवलेलं माझं दुसरं स्टूल काढलं, तिच्या दारात नेऊन ठेवलं आणि म्हणालो, "चल, कुठं पडून राहायचंय ते दाखव. पण रिक्षा मी ठरवणार."