तिसरा मजला, पोटविकार विभाग

आवाजरावांनी त्या सकाळी आईच्या हातून आल्याच्या रसाची वाटी घेतली, तेव्हा पुढे काय वाढून ठेवलंय याची त्यांना सुतराम कल्पना नव्हती. (एरवीही त्यांना फारशी कशाची कल्पना नसते, असं त्यांच्या बायकोचं मत.)

आवाजराव हे अर्थातच खरं नाव नव्हे. लिफ्टमध्ये "दरवाजा बंद होत आहे" असं जे गृहस्थ छतातून बजावतात, ते हेच. आवाज असा भारदस्त, की त्या दरवाजालाही आपण काही मोठं कार्य करतोय असं वाटावं. अशा या आवाजाच्या मागे महिनाभर पित्त लागलं होतं. काही खाल्लं की छातीत जळजळ, घशाशी आंबट आणि दर वाक्यामागे एक ढेकर. त्यात दुपारी नव्या हॉस्पिटलच्या लिफ्टचं रेकॉर्डिंग! ते बिघडलं, की काम त्या नाकात बोलणाऱ्या प्रतिस्पर्ध्याकडे गेलंच म्हणून समजा.

"गोळ्याबिळ्या काही नकोत," आई म्हणाली. "आल्याचा रस, मध घालून. आणि दुसरं काही घेणार नाहीस, शपथ घे."

आवाजरावांनी शपथ घेतली, रस संपवला, आणि आल्याच्या तिखटपणाने लाल झालेले कान घेऊन ते स्वयंपाकघरात आले. तिथे बायको थंड दुधाचा ग्लास घेऊन उभी.

"आलं दिलं ना आईंनी? पित्तावर आलं! आगीत तेलच की. हे प्या आधी."

"अगं, पण मी शपथ..."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?"

आवाजराव घटाघटा दूध प्यायले. बाहेर आले तर आई रोखून बघतेय.

"दूध नाही ना घेतलंस?"

"छे!"

"मग एका रात्रीत मिशी पिकली वाटतं?"

आवाजराव मिशी पुसतात न पुसतात तोच बेल वाजली. दारात सासूबाई, हातात कोबीच्या रसाची बाटली! लेकीने फोनवर जावयाचं पित्त सांगितलं होतं. "जावईबापू, माझ्या डोळ्यांदेखत संपवा. यावर दुसरं काही घ्यायचं नाही हं, नाहीतर गुण येत नाही."

एकीला हो म्हणावं तर दुसरी रुसणार, आणि तिघींच्या रुसव्यापेक्षा पित्त परवडलं. त्यांनी डोळे मिटून तोही रस संपवला. मग तिघींच्या कानात वेगवेगळं सांगितलं, "खरं म्हणजे मी फक्त तुझंच औषध घेतलंय." (सासूबाईंना 'तुमचंच'.)

स्टुडिओत पोचेपर्यंत आलं, दूध आणि कोबी यांचं पोटात जोरदार भांडण जुंपलं होतं. समोर हॉस्पिटलचे मॅनेजर हाताची घडी घालून बसलेले. तळमजला झकास झाला. पहिला मजला निभावला. दुसऱ्याला कपाळावर घाम फुटला.

"तिसरा मजला. पोटविकार विभाग," आवाजराव म्हणाले, आणि पाठोपाठ असा ढेकर आला, की रेकॉर्डिस्टने हेडफोन फेकून कान चोळले. पुन्हा घेतलं. पुन्हा तिथेच ढेकर. आवाजरावांना आता भर स्टुडिओत रडू येणार होतं.

मॅनेजरांनी मात्र टाळी वाजवली. "हाच ठेवा! आमच्या अर्ध्या पेशंटना चष्म्याशिवाय बोर्ड दिसत नाही. हे ऐकून कोण मजला चुकेल? सगळ्या शाखांना तुमचाच आवाज!"

आवाजराव तरंगतच घरी आले. तिघींनीही आपापल्या औषधाचा गुण म्हणून आपापल्या परीने मान ताठ केली. ढेकराचं मात्र आवाजरावांनी कुणाला कळू दिलं नाही.

पण जळजळ काही थांबेना. शेवटी बायकोने त्यांना त्याच हॉस्पिटलात धरून नेलं. लिफ्टमधला आवाज ऐकायला म्हणून आई आणि सासूबाईही नटूनथटून निघाल्या. लिफ्ट खचाखच भरली. "तिसरा मजला. पोटविकार विभाग," छतातून आवाज आला. आणि मग तो ढेकर.

सगळी लिफ्ट आवाजरावांकडे वळली. एका आजोबांनी नाकाला रुमाल लावला. "अहो, निदान तोंडावर हात तरी धरा!"

"मी नाही दिला!" आवाजराव त्याच भारदस्त आवाजात म्हणाले. लोकांनी छताकडे पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडे.

तिघींना बाहेरच्या बाकावर बसवून ते कसेबसे डॉक्टरांसमोर पोचले. "या," डॉक्टर म्हणाले, "मघाचा लिफ्टमधला आवाज इथवर ऐकू आला. तुमचा ढेकर दिवसभर ऐकतो मी. तो काही एका औषधाचा वाटत नाही. खरं सांगा, रेकॉर्डिंगच्या दिवशी काय काय घेतलं होतंत?"

आवाजराव पुढे वाकले आणि हळूच कुजबुजले, "आईचा आल्याचा रस, बायकोचं दूध आणि सासूबाईंचा कोबी. पण प्रत्येकीला सांगितलंय, की फक्त तुझंच घेतलं."

आता या माणसाची कुजबुज म्हणजेसुद्धा तिसऱ्या मजल्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाहेरून तीन जोडी चपला एकाच तालात निघाल्याचं ऐकू आलं. सासू-सुनेच्या पावलांचा ताल जुळण्याची ही पहिलीच वेळ.

"अगं थांबा! मीपण येतोय!" आवाजराव धावत सुटले.

तिघी लिफ्टमध्ये खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. एकीनेही बटणाकडे हात नेला नाही.

"दरवाजा बंद होत आहे," छतातून आवाजरावांनीच आवाजरावांना बजावलं, आणि दरवाजा बंद झाला.