प्रगती तुमची वाट पाहत आहे

संयोगितानं तव्यावर भाकरी टाकली आणि देवळीतला नवऱ्याचा मोबाईल टुणकन वाजला. काचेवर अक्षरं उमटली : ‘सोबती : प्रगती तुमची वाट पाहत आहे.’

भाकरी करपली.

आता प्रगती हा शब्द काही तिला नवा नव्हता. पण संशयाच्या डोळ्याला शब्द दिसत नाही, बाई दिसते. कऱ्हाडच्या कॉलेजात वीरधवलच्या वर्गात प्रगती नावाची एक मुलगी होती आणि लग्नात तिनं मिक्सर दिला होता. त्याच मिक्सरवर संयोगिता इतकी वर्षं भोळेपणानं चटणी वाटत आली होती.

वीरधवल गोठ्यातून आला, मेसेज वाचला आणि मोबाईल घाईघाईनं खिशात घातला.

“आवं, कुणाचा मेसेज हाय?”

“कंपनीचा. रिचार्जचा.”

“रिचार्ज वाट बघतंय व्हय?”

“आं?”

“काय न्हाई. जेवा.”

तसा वीरधवल सरळ माणूस. ऊस, गोठा आणि पाचवीतला जयराज, एवढंच त्याचं जग. बघायच्या कार्यक्रमातच त्यानं सांगून टाकलं होतं, गणितात आपला कुणी हात धरत नाही. संयोगिता ते वाक्य जयराजला रोज ऐकवायची. पोराला शाळेचे धडे बापाच्याच मोबाईलवर यायचे, म्हणून संध्याकाळी मोबाईल पोराकडे. पण हल्ली पहाटे मोटार चालू करायला जातानाही वीरधवल तो घेऊन जायचा आणि उन्हं आली तरी परतायचा नाही. एकदा ती गुपचूप मागं गेली, तर गडी विहिरीच्या कठड्यावर बसून मोबाईलवर बोटं फिरवत म्हणत होता, “अरारारा, चुकलं माजं!” चूक कबूल करणारा नवरा तिनं पहिल्यांदाच पाहिला. आता मात्र तिची खात्रीच पटली.

तिनं मिक्सर माळ्यावर टाकला आणि पाट्यावर चटणी वाटायला घेतली. “आज चटणीला लय चव आलीया,” असं नवरा म्हणाला, ते तर तिला फारच झोंबलं.

मग दुसरा मेसेज आला. ‘प्रगती मंदावली आहे. वेळीच लक्ष द्या.’ संयोगिता तडक शेजारच्या भामाबाईंकडे गेली. ज्यात भामाबाईंनी लक्ष घातलं नाही असा संसार त्या गावात नव्हता.

“मंदावली?” मिश्री लावणारं बोट थांबलं. “बाई कवा मंदावती गं? तूच सांग.”

संयोगिता मटकन खाली बसली. तिला रात्रभर डोळा लागला नाही. दोनच दिवसांत तिसरा मेसेज आला : ‘प्रगतीबाबत बोलायचं आहे. उद्या अकरा वाजता या. घरच्यांनाही कल्पना द्या. सोनम.’

“आता ही सोनम कोन?”

“मधली बाई,” भामाबाई ठामपणे म्हणाल्या. “घरच्यांस्नी सांगा म्हणतीया. परकरण लय फुडं गेलंय.”

दुसऱ्या दिवशी वीरधवल इस्त्रीचा शर्ट घालून, “कडेगावला खत बघून येतो,” म्हणत निघाला. खत बघायला इस्त्री? संयोगितानं माळ्यावरचा मिक्सर काखोटीला मारला. जायचं तर आहेर परत करूनच यायचं. भामाबाई पदर खोचून मागोमाग. वीरधवल एसटी थांब्याकडे न वळता सरळ शाळेत शिरला, तेव्हा भामाबाईंनी कपाळावर हात मारला. “इद्येच्या देवळात गं बाई!”

आत टेबलापाशी एक तरुण बाई आणि वीरधवल, दोघांची डोकी एकाच लॅपटॉपवर. संयोगितानं मिक्सर टेबलावर आदळला.

“घ्या ही तुमची मशीन! प्रगतीला द्या. आन् सांगा तिला, माजं वाटण आन् माजा नवरा माजं मी बघून घीन!”

सोनम मॅडम जूनमध्येच या शाळेत आल्या होत्या. असा पालक त्यांनी अजून पाहिला नव्हता. “अहो, प्रगती नावाची मुलगीच नाही इथं,” त्या म्हणाल्या. “मी जयराजच्या प्रगतीबद्दल बोलवलंय. अभ्यासाच्या.”

संयोगिताला हायसं वाटलं आणि लाजेनं मेल्याहून मेल्यासारखंही झालं. संसार शाबूत आहे हे पाहून भामाबाई हिरमुसल्या आणि दूध उतू जाईल म्हणून निघून गेल्या.

मॅडमनी लॅपटॉप फिरवला. “मूल कुठला धडा कधी सोडवतं, कुठं अडतं, ते ‘सोबती’ ॲपवर आम्हाला दिसतं. हे रंग फक्त शिक्षकांना दिसतात. संध्याकाळी जयराज अपूर्णांक सोडवायचा, सगळं हिरवं. पहाटे तेच धडे परत कुणीतरी सोडवतं, सगळं लाल. ॲपला वाटलं पोरगं कच्चं आहे, त्यानं तिसरीचे धडे लावले. पहाटे आता तेही चुकतायत.”

वीरधवल छताकडे बघू लागला.

“आवं, ह्यो अभ्यास करत व्हता तुमी?”

“एक डाव मेसेज आला, पोरगं मागं पडतंय म्हणून. म्हटलं आपून जरा रेटा द्यावा. जसं मेसेज वाढलं तसा मी आनी लवकर उठाय लागलो.”

“पन तुमचा गणितात कुणी हात धरत न्हाई न्हवं?”

“ते लग्नाआधीचं बोलणं झालं.”

“थांबा,” मॅडम म्हणाल्या. “मी बोलवलं ते वेगळ्याच काळजीनं. आता जयराजचं संध्याकाळचंही चुकतंय. आणि चुका अगदी पहाटेच्याच. अर्धा अधिक पाव, उत्तर दोन छेद सहा.”

जयराजला वर्गातून बोलावलं. आईनं जवळ घेऊन विचारलं, “बाळा, यत हुतं ते चुकीचं का करतुयास?”

“मोबाईलवर पप्पांचं सकाळचं उत्तर येगळं दिसायचं,” तो खाली मान घालून म्हणाला. “तूच म्हणतीस, पप्पांचा गणितात कुणी हात धरत न्हाई. मला वाटलं माजंच चुकतंय. म्हणून त्यांचं बघून शिकलो.”

संशय घ्यायचा नव्हता तिथं संयोगितानं ऊर फुटेस्तोवर घेतला होता, आणि घ्यायचा होता तिथं डोळे झाकून विश्वास ठेवला होता. टेबलावरचा मिक्सर तिनं हळूच उचलून पायाशी ठेवला.

वीरधवल पोरासमोर उकिडवा बसला. “तुजंच बरुबर हाय रं गड्या. मला काय बी यत न्हाई. आजपास्नं तू मला शिकीव.”

जयराजनं आयुष्यात पहिल्यांदाच बापाकडे संशयानं पाहिलं.

“पप्पा,” तो म्हणाला, “मग तेराचा पाडा मला तुमीच शिकीवलाय न्हवं?”