वाघाचा अलंकार कोणता?

एका जंगलात, मुलांनो, वाघ होता आणि परीक्षाही होती. हरणं परीक्षेला जास्त भीत.

तिथे भुरी नावाची हरणी राही. तिला एकच पाडस, ठिपक्या. हरणांच्या कळपात एक जुनी गोष्ट होती. प्रत्येक आई ती आपल्या पाडसाला सांगे. "वारा पडला होता. गवतात ऊन निजलं होतं. मग ते ऊन उठून चालू लागलं."

एवढं ऐकलं की पाडसाच्या अंगावर शहारा येई. पुढे कधी गवतात पिवळे पट्टे हलले, की पाय आपोआप पळत. भुरी स्वतः या गोष्टीमुळेच जगली होती.

मग शाळा निघाली. सायाळ गुरुजी झाले. त्यांच्या अंगावर काटेच काटे. वाघ त्यांच्या वाटेला जात नसे. त्यामुळे ही गोष्ट ते अगदी निवांत शिकवीत.

"गुरुजी, गोष्टीतलं ऊन म्हणजे वाघ ना?" ठिपक्याने विचारलं.

"ते परीक्षेत नाही. 'सारखा' आला की उपमा. 'जणू' आला की उत्प्रेक्षा. ऊन चाललं की चेतनगुणोक्ती. म्हण!"

ठिपक्याने पाठ केलं. आता भुरी गोष्ट सांगू लागली, की तो मध्येच ओरडे, "चेतनगुणोक्ती! दोन गुण!" शहारा काही येईना. भुरी रडू लागली.

"अगं, पोरगं पहिलं आलंय," शेजारीण म्हणाली. "रडतेस काय? कोवळा पाला वाट!"

एका दुपारी मायलेकरं चरत होती. वारा नव्हता. तरी गवत हललं.

"पळ रे!" भुरी ओरडली.

"थांब की, आई. यात 'सारखा' कुठंय? 'जणू' पण नाही. मग हा अलंकार कोणता?"

"स्वभावोक्ती, बाळा," गवतातून वाघ म्हणाला. "जे जसं आहे, तसं." आणि त्याने झेप घेतली.

भुरीने पाडसाला अशी ढुशी दिली, की ते ओढ्यापलीकडे जाऊन पडलं. मागून तीही उडी मारून आली. वाघाच्या पंजात ठिपक्याचा अर्धा कान तेवढा राहिला.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी विचारलं, "स्वभावोक्तीचं उदाहरण?"

ठिपक्याने कान पुढे केला. गुरुजींनी तो नीट पाहिला.

"पुस्तकातलं नाही," ते म्हणाले. "अर्धा गुण."

भुरी दाराशीच उभी होती. "अर्धा कान गेला, अर्धा गुण आला. व्यवहार चोख आहे हो, गुरुजी! चल रे घरी."

वाटेत ठिपक्या म्हणाला, "आई, ती गोष्ट सांग ना."

तिने सुरुवात केली. पाडसाचं अंग थरथरलं. त्याने अलंकार सांगितला नाही. भुरी थांबली आणि त्याचा कान चाटत राहिली.

त्या वर्षी ठिपक्या नापास झाला.

तात्पर्य: मुलांनो, वाघ दिसला की आधी अलंकार ओळखावा. पळणाऱ्याला गुण मिळत नाहीत. आणि गुणी पाडसं वाघालाही फार आवडतात.